घेणाऱ्याने स्वतः बसून पाहावे

इंदूताई गावंडे कुणाला प्रश्न विचारत नसत. त्या थांबत. समोरच्याचं बोलून संपलं तरी त्या आणखी थोडा वेळ त्याच्याकडे नुसत्या बघत राहत आणि मग तो माणूस चुळबुळत आणखी काहीतरी बोले. त्यांना ते नंतरचं हवं असे. "इचारलं की माणूस जवाब देते," त्या म्हणत, "आपण गप रायलो की खरं सांगते."

त्यांची सगळी नोकरी अमरावतीच्या कोर्टात साक्षी टाईप करण्यात गेली होती. खून, फारकती, शेताच्या धुऱ्याची भांडणं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. निवृत्त झाल्या तरी बोटांची सवय गेली नव्हती. कुणी बोलू लागलं की त्यांची बोटं पदराखाली गुडघ्यावर हलू लागत. भाजीवाली मेथीचा भाव सांगत असली तरी हलत. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण बोलत मी होते.

मी त्यांची भाडेकरू. नांदगाव खंडेश्वरची मुलगी, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला अमरावतीत आले आणि कॅम्पातल्या त्यांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. त्या खाली एकट्या राहत. लग्न केलेलं नव्हतं. आईवडील केव्हाच गेलेले. बैठकीत एकच फोटो होता, त्यांच्या मोठ्या भावाचा, सुधाकरचा. दाराच्या चौकटीला डोकं टेकेल असा उंच, हसरा तरुण. चिखलदऱ्याच्या घाटात गाडी दरीत जाऊन तो गेला होता. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली होती.

त्यांचा स्वभाव मला दूधवाल्यामुळे कळला. दूध पातळ येऊ लागलं होतं. मी भांडायला निघाले तर त्यांनी हातानेच थांबवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध मोजून घेतलं, त्यातलंच पेलाभर त्या दूधवाल्याला दिलं आणि म्हणाल्या, "पी बाबू." तो हसत प्याला. त्या उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशीही पेला. मग तो हसेनासा झाला. त्या काहीच म्हणत नव्हत्या, फक्त पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या. शेवटी एका सकाळी त्याने पेला हातात घेतलाच नाही. "ताई, उद्यापासून नाही टाकत पाणी," म्हणाला. "कोणी म्हटलं तू पाणी टाकते म्हणून?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मला हसू आलं होतं, पण त्या माणसाचा चेहरा पाहून ते ओठांवरच राहिलं.

मी राहायला गेले तेव्हा अंगणातली मोटारीची खोली रिकामी होती. गाडी बडनेऱ्याला युसूफभाईंच्या गॅरेजात दुरुस्तीला आहे, एवढंच मला ठाऊक होतं. ती आली त्या दिवशी अख्खी गल्ली गोळा झाली. दोनच सीट, वर छत नाही, आंब्याच्या जुन्या पानासारखा गर्द हिरवा रंग आणि बॉनेटवर दोन दिवे असे बटबटीत उभे, की बेडूक टपून बसलेला वाटावा. सुधाकरने तिचं नावच 'बेडकी' ठेवलं होतं. परतवाड्याच्या मिशन दवाखान्यातला एक विलायती डॉक्टर मायदेशी परत जाताना ती त्यांच्या वडिलांना विकून गेला होता. वडिलांच्या संत्र्याच्या बागा होत्या, हौस होती. सुधाकर गेला आणि वडिलांनी ती दरीतून ओढून आणवून शेतावरच्या गोदामात लोटली, दाराला कुलूप घातलं. पुढे रस्ता रुंद होताना गोदाम पाडावं लागलं, तेव्हा ती बाहेर आली. भंगारात द्यायची म्हणून युसूफभाईंना बोलावलं. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि, ताई, ही भंगारात घालू नका, असं सांगितलं. तिथून काही वर्षं ते काम चाललं होतं.

काम अप्रतिम झालं होतं. पत्र्यावर कुठे पोचा नाही, चाकांच्या तारा चांदीच्या वाटत, चामड्याच्या सीटचा वास पार फाटकापर्यंत येई. इंजिन असं चाले की अंगणातली चिमणी उडू नये. एकच गोष्ट खटके. ड्रायव्हरची सीट स्टिअरिंगला अगदी भिडलेली होती आणि ती मागे सरकत नसे. मी युसूफभाईंना एकदा विचारलं, एवढं सगळं केलंत, मग हे का राहिलं? ते कापडाला हात पुसत राहिले. ताईंनीच नको म्हटलं, एवढंच बोलले आणि दुसरा विषय काढला.

गाडी आल्यावर आठवड्यात इंदूताईंनी जाहिरात दिली. मजकूर त्यांनीच टाईप केला होता. विकणे आहे, विलायती बनावटीची दोन सीटची जुनी मोटार, पूर्ण दुरुस्त, चालू स्थितीत, घेणाऱ्याने स्वतः बसून पाहावे. आणि ती दिली फक्त अकोल्याच्या पेपरात. राहायच्या अमरावतीत आणि जाहिरात अकोल्यात, हे मला विचित्र वाटलं. मोबाईलवर टाकू का, म्हणून मी विचारलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीच म्हणाले, असू द्या.

तरी बातमी पसरलीच. पहिले आले ते नागपूरचे एक डॉक्टर. जुन्या गाड्या जमवायचा त्यांना नाद होता. उंच माणूस. सीटवर बसायला गेले तर गुडघे स्टिअरिंगला अडकले, पाय पेडलवर जाईनात. सीट मागे करून द्या, म्हणाले. होत नाही, असं इंदूताईंनी सांगितलं. मी माझ्याकडून करून घेईन, खर्च माझा, असं ते म्हणाले. गाडी आहे तशीच आहे, असं उत्तर मिळालं. डॉक्टर चहा न घेता गेले. मग अकोल्याहून एक मंडपवाला आला. त्याला ती वरातीसाठी हवी होती, फुलं लावून नवरदेव बसवायचा. तो बुटका होता, सीटवर छान मावला. इंदूताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, तोंडभर हसून चहा पाजला आणि नाही म्हणाल्या. त्या घटकेला मला पहिल्यांदा वाटलं, की बाईंना गाडी विकायचीच नाही.

तिसरा एक दलाल होता, तोही अकोल्याचा. त्याने गाडीकडे धड पाहिलंही नाही. बॉनेट उघडलं नाही, सीटवर बसला नाही. तुम्ही म्हणाल ती किंमत, कागद आजच करू, ट्रक सोबत आणला आहे, असं तो भराभर बोलून गेला. इंदूताई झोपाळ्यावर बसून ऐकत होत्या. त्याचं संपलं. त्या गप्प राहिल्या. तो रुमालाने मान पुसू लागला. मग आपणहून म्हणाला, "शेठले काही चालवायची नाही जी. फक्त इथून हालवायची आहे."

इंदूताईंची गुडघ्यावरची बोटं थांबली.

"तुमच्या शेठले सांगा," त्या म्हणाल्या, "इंदूनं स्वतः बोलावलं म्हणा."

शेठ म्हणजे कोण, ते मला त्या संध्याकाळी कळलं. अकोल्याचे वसंतराव इंगोले. मी त्यांना ओळखत होते. त्यांची जिनिंग होती, अकोल्यात मान होता. ते सुधाकरचे जिवलग मित्र. त्या दिवशी घाटात जायला ते आणि सुधाकर दोघं एकत्रच निघाले होते, पण आपण परतवाड्याला उतरून एसटीने अकोल्याला परत गेलो, असं त्यांनी तेराव्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. इंदूताईंच्या वडिलांनी त्यांना मिठी मारून, आता तूच माझा मुलगा, असं म्हटलं होतं. तेव्हापासून दर राखीला इंदूताई अकोल्याला जाऊन त्यांना राखी बांधत. दिवाळीला ते येत, तेही न चुकता. मात्र शेतावरच्या त्या गोदामाकडे ते कधी फिरकले नव्हते. गाडी दुरुस्त होते आहे हे कळल्यावर त्यांनी दोनदा फोन करून, कशाला त्या अपशकुनी गाडीत पैसा घालते, असं विचारलं होतं.

"उद्या वसंतभाऊ येणार आहे," इंदूताई म्हणाल्या. "तू कॉलेजात नको जाऊ. इथं बसून राय."

मी म्हटलं, बसते, पण कशाला?

"साक्षीले."

मग त्यांनी मला सांगितलं. युसूफभाईंनी गाडी खोलली, तेव्हा ड्रायव्हरच्या सीटची खालची खीळ अगदी पुढच्या खाचेत अडकून गंजलेली होती. सीट सगळ्यात पुढे. गाडी आपटून सीट सरकली असेल, असं इंदूताईंना आधी वाटलं. युसूफभाईंचं म्हणणं होतं, की आपटली असती तर खीळ तुटली असती, अशी खाचेत शिस्तीत बसली नसती. कुणीतरी हाताने ती पुढे ओढून घेतली होती. दरीतून दोरांनी ओढलेली गाडी थेट गोदामात आली होती आणि किल्ली वडिलांच्या करगोट्याला होती, तेव्हा नंतर कुणी तिला हात लावण्याचा प्रश्न नव्हता. आणि सुधाकरचे तर मागच्या खाचेतसुद्धा गुडघे वर येत. तो त्या जागी बसून गाडी चालवूच शकत नव्हता.

वसंतराव बुटके होते.

"पण ताई, एवढ्यावरून," मी म्हणाले.

"एवढ्यावरून नाहीच म्हणत मी," त्या म्हणाल्या. "म्हणून तं बोलावलं."

त्यानंतरही त्या दोन राख्या बांधून आल्या होत्या. हे कळून. ओवाळून, पेढा भरवून. मी ते मनात धरून रात्रभर पडून राहिले.

वसंतराव सकाळी आले. पांढरा सफारी, हातात काठी, सत्तरीचं थकलेलं शरीर. ड्रायव्हर त्यांच्या मोटारीत फाटकाबाहेर थांबला. इंदूताईंनी पाणी दिलं, सुनांचा, नातीच्या लग्नाचा विषय काढला. मग त्या उठल्या आणि अंगणात गेल्या. ते मागे गेले. जावंच लागलं त्यांना. मी पायरीवर बसले.

गाडी उन्हात उभी होती. वसंतराव तिच्यापासून चार हात लांब थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून, छान झाली, असं पुटपुटले. जे मागशील ते देतो, आजच घेऊन जातो, असंही म्हणाले.

"बसून पाह्य ना भाऊ," इंदूताई म्हणाल्या. "जाहिरातीत लिवलंच आहे."

ते नको म्हणाले. गुडघे दुखतात म्हणाले. इंदूताई थांबल्या. त्यांचं थांबणं म्हणजे काय, हे मी दूधवाल्याच्या वेळेला पाहिलं होतं. वसंतरावांनी फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेवटी काठी माझ्या बाजूला टेकवून ठेवली आणि ते गाडीकडे गेले. त्या गाडीच्या दाराला बाहेरून कडी नाही, आत हात घालून ते उघडावं लागतं. प्रत्येक गिऱ्हाईक आधी बाहेरून चाचपत बसे. वसंतरावांचा हात सरळ आत गेला.

ते सीटवर बसले. पाय पेडलपर्यंत अगदी नीट पोचले. हात स्टिअरिंगवर आले, कोपरं जशी वाकायला हवी तशी वाकली. अंगाला मोजून शिवलेल्या अंगरख्यासारखी ती जागा त्यांना बसली. त्यांनाही ते कळलं असावं, कारण ते उठायला गेले आणि उठले नाहीत.

इंदूताईंनी अंगणातला मोडा ओढून गाडीजवळ घेतला आणि बसल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "सुधाकर इथं बसला असता तं त्याचे गुडघे कुठं आले असते?"

हा मी त्यांच्या तोंडून ऐकलेला पहिला सरळ प्रश्न. वसंतराव समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. शेजारी कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ते स्टिअरिंगवरचे हात न काढता बोलू लागले आणि इंदूताईंची बोटं पदराखाली हलू लागली.

गाडी तेच चालवत होते. त्यांनीच हट्ट केला होता, सुधाकरने हसून किल्ली दिली होती आणि सीट पुढे कशी ओढायची तेही दाखवलं होतं. वळणावर समोरून लाकडांचा ट्रक आला. ते स्वतः झुडपात फेकले गेले, चार ओरखडे निघाले. सुधाकरचा पाय गाडीखाली अडकला होता. तो शुद्धीवर होता, बोलत होता. वसंतराव मदत आणायला वर रस्त्यावर आले. एका जीपवाल्याने त्यांना परतवाड्याला सोडलं. स्टँडजवळच पोलीस चौकी होती. त्यांच्याजवळ लायसन नव्हतं आणि पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न ठरलं होतं. अकोल्याची एसटी लागलेली होती.

"मी बसलो," ते म्हणाले. "कोणी ना कोणी पाहीनच त्याले, असं वाटलं."

सुधाकरला दुसऱ्या दिवशी सकाळी गुराख्यांनी पाहिलं होतं. तोवर तो गेला होता.

"तू निंगाला तवा काय म्हणे तो?" इंदूताईंनी विचारलं.

मला वाटलं, हे सांगणार नाहीत.

"लवकर येजो म्हणे."

इंदूताईंची बोटं थांबली. त्या उठल्या, घरात गेल्या, पायात चप्पल घालून, डोक्याला रुमाल बांधून बाहेर आल्या आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून त्यांच्या शेजारी बसल्या.

"मंग चाल," त्या म्हणाल्या. "लय उशीर झाला. पण जाऊ."

मी धावत फाटकाशी गेले. ताई, कुठे, असं काहीतरी बोलले. त्यांनी ऐकलं नाही. वसंतरावांचा ड्रायव्हर बिडी टाकून पुढे आला, तर त्याला वसंतरावांनीच हाताने मागे सारलं. हिरवी गाडी परतवाड्याच्या रस्त्याला लागली. त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघून रस्त्यावरची दोन कॉलेजची मुलं हसली, एकाने फोटोही काढला.

तो दिवस मी कसा काढला, मला सांगता येणार नाही. मी युसूफभाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि, ब्रेक मी स्वतः बसवलेत बेटा, ब्रेकमुळे काही होणार नाही, असं म्हणाले. म्हणजे दुसऱ्या कशामुळे होऊ शकेल हे त्यांनाही कळलं होतं. ड्रायव्हर पायरीवर बसून होता.

दिवेलागणीला गाडी आली. इंदूताई चालवत होत्या. त्यांना गाडी चालवता येते हे मला तोवर माहीत नव्हतं. वसंतराव शेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते, पँटला गुडघ्यापर्यंत माती आणि कुसळं लागलेली. ड्रायव्हरने त्यांना धरून उतरवलं आणि नेलं.

तिथे काय झालं, हे इंदूताईंनी काही दिवसांनी, भाजी निवडताना, एकदाच सांगितलं. वळणावर गाडी थांबवून त्यांनी वसंतरावांना खाली जायला लावलं होतं. काठी घरीच राहिलेली. ते धरत-घसरत उतरले आणि सुधाकर जिथे अडकला होता तिथे जाऊन बसले. इंदूताई वर कठड्याशी थांबल्या. ऊन कलू लागलं. खालून त्यांची हाक आली, इंदू, मले वर येता येत नाही, म्हणून. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"मी गाडीत येऊन बसली," इंदूताई म्हणाल्या. "सुरू केली. गिअर टाकला."

मी हातातली जुडी तशीच धरून राहिले.

"मंग बंद केली," त्या म्हणाल्या. "एक लाकूडवाला आला, त्याच्या हातानं वर काढलं."

पोलिसात जायचं का, असं मी विचारलं होतं. जन्मभर साक्षी लिहिल्या, ही एक राहिली होती, ती झाली, असं त्या म्हणाल्या. राखीला त्या अकोल्याला गेल्या नाहीत. युसूफभाईंना बोलावून त्यांनी सीटखालची ती खाचांची पट्टी कापून नवी बसवून घेतली आणि नागपूरच्या डॉक्टरांना फोन करून, या आता, घेऊन जा, असं कळवलं. डॉक्टर ट्रक घेऊन आले. त्यांच्या किमतीला इंदूताईंनी मान हलवली आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आतच त्या घरात जाऊन कणीक भिजवायला बसल्या.

पुढच्या वर्षी माझी बदली अकोल्याला झाली. मी अधूनमधून येऊन त्यांना भेटत असे. त्या पहिल्यापेक्षा कमी बोलत. एकदा मी अमरावतीहून अकोल्याला परत निघाले होते, तर बडनेऱ्याच्या फलाटावर त्या बाकावर बसलेल्या दिसल्या. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर पिशवी. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. वसंतराव अकोल्याच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यांचा मुलगा रोज फोन करत होता, आत्या, बाबा सारखं तुमचंच नाव घेऊन राहिले, एकदा येऊन जा. मुलाला काहीच माहीत नव्हतं.

"तिकीट काढलं," त्या म्हणाल्या आणि तिकीट दाखवलं. ते सकाळच्या गाडीचं होतं. तेव्हा दुपार झाली होती.

गाडी आली. मी चढले, खिडकीजवळ दोन जागा धरल्या आणि त्यांना हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हमालाने त्यांची पिशवी उचलायला हात पुढे केला तर त्यांनी पिशवी घट्ट धरली.

"तू जाय," त्या म्हणाल्या. "मी येतो मांगून."

गाडी हलली. मी खिडकीला तोंड लावून बघत होते. फलाट रिकामा होत गेला, भजेवाल्याने टोपली झाकली, आणि त्या तशाच ताठ बसून, गाडी जिथे उभी होती त्या मोकळ्या रुळांकडे बघत होत्या. बोटं अगदी स्थिर होती.